आकडे नसलेल्या देशात राहावं, की अमरावतीला परतावं?

सल्ला सदर, मार्च २०२१ (यातले नियम, दर आणि आकडे त्या वेळचे आहेत)

पत्राचा गोषवारा: टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरात, उपांगा भागात राहणाऱ्या एका ४४ वर्षांच्या मराठी गृहिणीचं पत्र आलं आहे. नवरा ५२ वर्षांचा, एका व्यापारी कंपनीत हिशेब पाहतो. त्याला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. ७४ वर्षांच्या सासूबाई गेल्या वर्षी काही महिन्यांसाठी म्हणून आल्या त्या इथेच राहिल्या. मुलगी सीबीएसईच्या दहावीला आहे. जानेवारीपासून ओळखीच्या चार-पाच घरांत माणसं गेली, कारण मात्र सगळीकडे 'न्यूमोनिया' सांगितलं गेलं. सरकार म्हणतं, देशात कोविडची साथ नाही. ताईंच्या मनात आहे ते असं: सासूबाई आणि मुलीला घेऊन ताबडतोब अमरावतीला जावं, नवऱ्याला नोकरीसाठी इथे ठेवावं. नवरा म्हणतो, आपण या देशात पाहुणे, गप्प राहावं. ताईंना मात्र मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मृत्यूंची यादी टाकून सगळ्यांना सावध करायचं आहे. त्या विचारतात, 'ज्या देशात काहीच कळत नाही तिथे राहणं हा शुद्ध वेडेपणा नाही का?'

ताई,

तुमची भीती मनाचे खेळ नाहीत, हे आधी सांगायला हवं. टांझानियाने मागच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये ५०९ रुग्ण आणि २१ मृत्यू या आकड्यांवर मोजणी थांबवली ती आजतागायत. पपई आणि शेळीचे नमुनेही बाधित निघतात असं सांगून राष्ट्राध्यक्ष मगुफुलींनी चाचण्यांवरच शंका घेतली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांना बाजूला केलं. जूनमध्ये देश प्रार्थनेने रोगमुक्त झाल्याचं जाहीर झालं. या जानेवारीच्या शेवटी त्यांनी लशींवर अविश्वास दाखवला आणि १ फेब्रुवारीला आरोग्यमंत्री डोरोथी ग्वाजिमा यांनी लस आणण्याचा बेत नसल्याचं सांगितलं. १७ फेब्रुवारीला झांझिबारचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष सैफ शरीफ हमाद गेले. त्यांना कोविड झाल्याचं त्यांच्या पक्षाने आधीच उघड केलं होतं. त्याच दिवशी देशाचे मुख्य सचिव जॉन किजाझीही गेले. तीन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी टांझानियाला आकडे जाहीर करण्याची आणि लसीकरणाची तयारी करण्याची जाहीर विनंती केली. पुढच्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी देशी बनावटीचे मास्क वापरा असं म्हटलं, म्हणजे थोडी वाट वळली आहे.

इथे एक फरक मात्र नीट पाहायला हवा, कारण तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत. टाळेबंदी न करणं आणि मोजणी थांबवणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ज्या शहरात बहुतेक माणसं रोज कमावतात आणि रोज खातात, तिथे सक्तीची टाळेबंदी काय करते हे आपण गेल्या वर्षी महामार्गांवरून चालत निघालेल्या मजुरांच्या रूपाने पाहिलं. टाळेबंदीला नकार देण्यामागे विचार असू शकतो. पण आकडे लपवण्याने कोणत्याही गरिबाची चूल पेटत नाही. त्याने फक्त डॉक्टरांचे हात बांधले जातात आणि आजारी माणूस उशिरा दवाखान्यात पोचतो. तुमचा राग या दुसऱ्या गोष्टीवर असेल तर तो रास्त आहे. कारिआकूच्या बाजारात बिनामास्क फिरणाऱ्या माणसावर तो काढू नका. त्याला जे सांगितलं गेलं त्यावर तो चालला आहे.

आता तुमच्या मूळ गृहीतकाकडे येऊ: आकडे नाहीत म्हणजे काहीच कळत नाही.

सरकारी आकडा नसला तरी खुणा आहेत. इतर देश टांझानियाहून येणाऱ्या प्रवाशांची चाचणी करतात. ओमानच्या आरोग्यमंत्र्यांनी फेब्रुवारीत सांगितलं की टांझानियाहून आलेल्यांपैकी १८ टक्के बाधित निघाले, आणि २५ फेब्रुवारीपासून ओमानने टांझानियासह दहा देशांच्या प्रवाशांना दार बंद केलं. प्रवास करू शकणारी माणसं म्हणजे सगळा समाज नव्हे. तरी एवढं प्रमाण येतं तेव्हा शहरात संसर्ग भरपूर आहे, हे समजायला आणखी कशाची गरज नाही. दार-ए-सलाममधल्या अमेरिकी दूतावासाने १० फेब्रुवारीला आपल्या नागरिकांना स्पष्ट कळवलं की जानेवारीपासून रुग्ण वाढलेत, रुग्णालयांची क्षमता मर्यादित आहे आणि तातडीच्या उपचारांना जीवघेणा उशीर होऊ शकतो. अशा सूचना सार्वजनिक असतात. आठवड्यातून एकदा त्या पाहा. आणि तिसरी, सगळ्यांत कामाची खूण म्हणजे रुग्णालयात ऑक्सिजनची खाट मिळते की नाही. ती फोन करून विचारता येते.

अमरावतीत रोज आकडे येतात. तिथे किती बाधित, किती बरे झाले, सगळं वर्तमानपत्रात छापून येतं. पण त्या आकड्यावरून तुमच्या सासूबाईंसाठी रात्री दोन वाजता खाट आहे का, हे कळत नाही. निर्णयाला लागते ती माहिती देशाची नसते, घराची असते. घरात कुणाला धोका जास्त, ऑक्सिजन किती अंतरावर, घरात हवा खेळती आहे का, आणि बाहेरून रोज किती माणसं आत येतात. ही चारही उत्तरं तुमच्याकडे आज आहेत.

म्हणून परतण्याचा प्रश्न याच चार उत्तरांवर तपासू.

अमरावती आणि अचलपूरमध्ये २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून टाळेबंदी आहे आणि ती ८ मार्चपर्यंत वाढवली आहे. राज्यात रोजचे नवे रुग्ण आठ हजारांच्या वर गेलेत आणि विदर्भाचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणजे तुम्ही चढत्या आलेखाच्या एका गावातून चढत्या आलेखाच्या दुसऱ्या गावात जाणार, मध्ये दोन-तीन विमानतळ, आणि पोचल्यावर सासूबाईंना भेटायला येणारी सगळी भावकी. वर्षभराने आजी आल्या म्हटल्यावर दारावरून कोण परत जाईल?

त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. तुमच्या योजनेत सासूबाईंप्रमाणेच जास्त धोका असलेला माणूस एकटा मागे राहतो. बारा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, रोज कचेरीत जाणं, आणि घरी बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला प्राणवायू टक्क्यांत मोजणारं यंत्र) लावून आकडा लिहून ठेवणारं कुणी नाही. या आजारात प्राणवायू कमी होत असताना माणसाला धाप लागेलच असं नाही. कित्येकदा तो बोलतो, जेवतो, ठीक आहे म्हणतो आणि आकडा ८६ असतो. एकट्या माणसाच्या हे लक्षातच येत नाही. मुलीसाठी आणि सासूसाठी तुमचा जीव तुटतो हे कळतं, पण नवऱ्याच्या धोक्याचा हिशेब तुम्ही केलेला दिसत नाही.

भारतात जाण्याचं आज एकच भक्कम कारण आहे, ते म्हणजे लस. टांझानियात ती नजीकच्या काळात येईल असं दिसत नाही. भारतात १ मार्चपासून साठीच्या पुढच्या सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या ठरावीक सहव्याधी असलेल्यांना ती मिळू लागली आहे. सरकारी केंद्रात मोफत, खासगी रुग्णालयात डोसला २५० रुपये. सासूबाई वयानेच बसतात. तुमचे यजमानही बसतात, कारण दहा वर्षांहून जुना मधुमेह आणि सोबत उपचार चालू असलेला रक्तदाब ही जोडी त्या यादीत आहे. मात्र त्यासाठी नोंदणीकृत डॉक्टरचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. दार-ए-सलामच्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे चालेल असं धरू नका. जुने रिपोर्ट, साखरेची नोंद, औषधांच्या चिठ्ठ्या सोबत नेऊन अमरावतीतल्या डॉक्टरकडून ते प्रमाणपत्र आधी घ्यावं लागेल. दोन डोसमध्ये सध्या किमान २८ दिवस, त्यामुळे मुक्काम पाच-सहा आठवड्यांहून कमी धरता येत नाही.

म्हणजे कुणी जायचंच असेल तर यजमान आणि सासूबाईंनी जावं, तुम्ही आणि मुलीने राहावं. तुमच्या बेताच्या बरोबर उलट. मुलीची बोर्डाची परीक्षा ४ मेपासून आहे, केंद्र इथलं आहे, आणि निरोगी पंधरा वर्षांच्या मुलीला या आजाराचा धोका फार कमी असतो. तिला परीक्षेच्या तोंडावर हलवण्यात फायदा थोडा, नुकसान बरंच.

पण हेही आज नाही. आज तिकीट काढू नका. चार गोष्टी जुळल्या की काढा. अमरावतीची टाळेबंदी उठून दोन आठवडे रोजचे आकडे खाली येत असावेत. तिथल्या घरात या दोघांसाठी स्वतंत्र संडास-बाथरूमची खोली असावी आणि पहिले चौदा दिवस कुणीही भेटायला येणार नाही, हे नातेवाइकांनी आधीच कबूल केलेलं असावं. लसीकरण केंद्र घरापासून रिक्षाच्या अंतरावर असावं. आणि यजमानांना कंपनीकडून सहा आठवड्यांची रजा किंवा घरून काम लेखी मिळालेलं असावं. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर थांबा. तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडतं, तरी तेच घ्या.

प्रवासाचे नियम थोडक्यात सांगते. २२ फेब्रुवारीपासून भारतात येणाऱ्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी 'एअर सुविधा' संकेतस्थळावर स्वयंघोषणा आणि ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल चढवावा लागतो. ७२ तास नमुना घेतल्यापासून मोजतात. म्हणून नमुना देताना अहवाल किती तासांनी मिळतो हे प्रयोगशाळेला विचारून मगच वेळ ठरवा. इथेच बहुतेकांची गफलत होते. आखातातून गेल्यास भारतात उतरल्यावर स्वखर्चाने पुन्हा चाचणी होते. जिथे विमान बदलायचं त्या देशाने टांझानियाच्या प्रवाशांना मनाई केली आहे का, हे तिकीट घेताना एकदा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. थेट विमान मिळत असेल तर सासूबाईंसाठी तेच बरं. यजमानांच्या निवास परवान्याची आणि कामाच्या परवान्याची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान दोन महिने असावी. नाहीतर आधी नूतनीकरण, मग प्रवास.

तोपर्यंत, म्हणजे निदान पुढचे काही आठवडे, तुम्ही सगळे उपांग्यात आहात. खरं काम इथे आहे.

या आठवड्यात दोन ऑक्सिमीटर घ्या. एक चुकला तर दुसऱ्याने पडताळता येतं. सगळे धडधाकट असतानाच प्रत्येकाचा आकडा तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, म्हणजे कुणाचा नेहमीचा ९८ आणि कुणाचा ९५ हे कळेल. मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, हात कोमट हवा, मेंदी किंवा नखरंग नको. मधलं बोट घालून आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबायचं आणि मग लिहायचं. पहिल्या चार सेकंदांत चमकणारा आकडा धरू नका. सावळ्या-काळ्या त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने गेल्या महिन्यात तशी सूचना काढली आहे. म्हणून एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. ९८चा ९५ झाला असेल तर '९५ म्हणजे ठीक' असं म्हणून वही मिटू नका.

ताप, अंगदुखी, घसा, वास जाणं, जुलाब, काहीही सुरू झालं तो पहिला दिवस. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्याला गोल करा. पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंतचा काळ सगळ्यांत सांभाळायचा. ताप उतरला म्हणून सातव्या दिवशी निर्धास्त होणारे बरेच जण आठव्या दिवशी रुग्णालयात पोचतात. या काळात दर चार-सहा तासांनी मोजा. बसल्या जागी ९४ किंवा कमी आला, पुन्हा मोजूनही तोच राहिला, तर डॉक्टरला फोन. ९२च्या खाली गेला तर रुग्णालयाकडे निघायचं, सकाळची वाट पाहायची नाही. बसल्या जागी ९५ किंवा जास्त असेल तरच चालण्याची चाचणी करा: घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, साठीच्या पुढच्यांनी तीन, आणि लगेच मोजायचं. आकडा तीन-चारने घसरला किंवा ९४च्या खाली गेला तर फुप्फुसांवर ताण आहे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर मिनिटभर खुर्चीवरून उठ-बस पुरते.

ऑक्सिजन यंत्राविषयी तुम्ही विचारलं आहे. घ्यायचं तर पाच लिटरचं, घरात ठेवायचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र घ्या. मिनिटाला पाच लिटर प्रवाहाला शुद्धता ९० टक्क्यांच्या आसपास राहते असं कागदावर लिहिलेलं असावं. बाजारात हलकी, स्वस्त यंत्रं मिळतात ज्यांची शुद्धता प्रवाह वाढवला की तिशी-चाळिशीवर येते. आजाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, मागची जाळी दर आठवड्याला धुऊन वाळवून बसवा, बाटलीत उकळून गार केलेलं पाणी रोज नवं भरा. ते सुमारे ३५० वॅट खातं, म्हणजे दिवसरात्र चाललं तर साडेआठ युनिटच्या आसपास. लुकूच्या, म्हणजे आगाऊ पैसे भरायच्या विजेच्या मीटरमध्ये शिल्लक भरलेली हवी. मध्यरात्री युनिट संपले आणि मोबाइलचं नेटवर्क गेलं, असं घडायला वेळ लागत नाही. १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी असलेल्या इन्व्हर्टरवर ते जेमतेम अडीच-तीन तास चालेल. आणि मार्च ते मे मसिका, म्हणजे इथला मोठा पावसाळा, वीज जाणारच.

म्हणून जोडीला एक सिलिंडर. त्याचा हिशेब सोपा आहे: दहा लिटर पाण्याच्या मापाचा सिलिंडर १५० बारला भरला तर सुमारे १५०० लिटर वायू. मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास, चारने सहा तासांहून थोडं जास्त. सिलिंडर घरी आला की त्याच दिवशी रेग्युलेटर बसवून, पान्याने उघडून, काटा पाहून पुन्हा बंद करा. रेग्युलेटरचे आटे बसत नाहीत किंवा पानाच दिलेला नाही, हे ऐनवेळी कळलं तर सिलिंडर निरुपयोगी. जोडाला तेल-ग्रीस लावायचं नाही, हाताला तेल असताना हात लावायचा नाही. आणि सासूबाईंच्या देवघरातली समई, उदबत्ती त्या खोलीत लावायची नाही. हे त्यांना आत्ताच समजावा, आजारपणात वाद नको.

हे सगळं घरी उपचार करण्यासाठी नव्हे. खाट मिळेपर्यंतचा काळ निभावण्यासाठी आहे. चार-पाच लिटरवरही ९२ टिकत नसेल तर घरात थांबण्यात अर्थ नाही. वाट पाहताना पालथं झोपवा: अर्धा ते दोन तास पालथं, मग उजवी कूस, मग टेकून बसणं, मग डावी कूस, पुन्हा पालथं. जेवणानंतर तासभर सोडून.

औषधांत सर्वांत मोठी चूक स्टिरॉइडची होते आहे. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने जीव वाचतात हे गेल्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं, पण ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांच्यात. ज्यांना लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही, उलट नुकसानीची शक्यता दिसली. तापाच्या दुसऱ्या दिवशी दुकानातून आणून दिलेली ही गोळी तुमच्या यजमानांची साखर चारशेवर नेऊ शकते आणि शरीराची लढण्याची ताकद नको तेव्हा दाबते. अमरावतीच्या नात्यातल्या डॉक्टरने दुसऱ्या कुणाला लिहून दिलेली चिठ्ठी गटावर फिरते, ती तुमच्या घरी चालवू नका. घरात ठेवायचं ते साधं आहे: पॅरासिटामॉल, मीठ-साखरेच्या पुड्या, थर्मामीटर, साखर मोजायचं यंत्र आणि पुरेशा पट्ट्या, यजमानांची नेहमीची औषधं दोन महिन्यांची. ते आजारी पडले तर साखर दिवसातून चारदा मोजायची, आणि जेवण कमी झालं तर कोणती मधुमेहाची गोळी थांबवायची हे डॉक्टरांना आजच विचारून लिहून ठेवायचं.

वाफेबद्दल एवढंच, की तिने विषाणू मरत नाही. नाक मोकळं वाटतं, ठीक आहे. पण घोंगडीखाली उकळतं पातेलं घेऊन बसणं म्हणजे भाजण्याला आमंत्रण, आणि एकाच तंबूत चार जणांनी वाफ घेणं म्हणजे संसर्ग वाटून घेणं. सासूबाईंना हळद-आल्याचा काढा हवा असेल तर खुशाल द्या.

एक फोनाफोनीचं काम यजमानांकडे द्या. घरापासून अर्ध्या तासाच्या आतल्या तीन रुग्णालयांना पाच प्रश्न विचारून घ्यायचे: श्वासाचा त्रास असलेला रुग्ण रात्री घेता का, ऑक्सिजनच्या खाटा किती, आज रिकामी आहे का, आगाऊ रक्कम किती आणि मोबाइल मनीने चालते का, आमच्या विम्याचं पत्र तुम्हाला कोणाकडून लागतं. उत्तरं एका कागदावर, सोबत रक्तगट, औषधांची यादी, विमा कार्डाची प्रत, हा कागद दाराजवळ. दर सोमवारी तिसरा प्रश्न पुन्हा विचारायचा. तिन्ही ठिकाणी दोन आठवडे सलग 'नाही' येऊ लागलं, तर मी वर सांगितलेला 'थांबा' हा सल्ला बदलतो. मग यजमान आणि सासूबाईंनी अमरावती नसेल तर महाराष्ट्रात जिथे खाटा आहेत अशा गावी नातेवाइकांकडे जाण्याचा विचार लवकर करावा.

विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. पॉलिसीची अपवादांची पानं वाचा. साथीचा आजार वगळलेला असतो, किंवा संसर्गजन्य रुग्णासाठी वेगळी मंजुरी लागते, आणि मंजुरी मिळाली तरी ज्या देशात उतरायचं त्याची परवानगी वेगळी. तिच्यावर भिस्त ठेवून इथली तयारी कमी करू नका.

आता घरात येणारी माणसं. तुमच्याकडे काम करणारी दादा (इथे घरकामाच्या बाईला 'दादा' म्हणतात) रोज दोन डालाडाला, म्हणजे छोट्या बस, बदलून येते, असं तुम्ही लिहिलं आणि पुढे 'तिला बंद करावं का' असं विचारलं. बंद करून तिचा पगार थांबवलात तर ती दुसऱ्या चार घरी जाईल, आणि ताप आला तरी सांगणार नाही. भर पगारी आजारी रजा हाच इथे सगळ्यांच्या फायद्याचा उपाय आहे. टांझानियाच्या कामगार कायद्यातही ३६ महिन्यांच्या काळात १२६ दिवसांची आजारी रजा आहे, पहिले ६३ दिवस पूर्ण पगारी. तिला स्पष्ट शब्दांत सांगा: अंग दुखलं, खोकला आला, तर यायचं नाही, पैसे कापणार नाही. तिला चांगले मास्क द्या, गर्दीच्या वेळा टाळून यायला सांगा, जमलं तर आठवड्यातून तीनच दिवस बोलवून पगार तोच ठेवा. घरात ती असताना मास्क तिच्याबरोबर तुम्हीही लावायचा. वर ऑक्सिमीटरविषयी लिहिलं ते तिलाही शिकवा. तिच्या घरी यातलं काहीच नाही आणि परत जाण्यासाठी दुसरा देशही नाही.

फ्लॅटमध्ये एसी लावून खिडक्या बंद ठेवण्याची दार-ए-सलाममध्ये सवय असते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. समोरासमोरच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा, पंखा लावा, पावसातही. यजमान कचेरीत बंद खोलीत दहा जणांसोबत बसत असतील तर त्यांनी खिडकीजवळची जागा मागून घ्यावी आणि डबा एकट्याने खावा. जेवणाच्या सुट्टीत संसर्गाचा धोका वाढतो, कारण तेव्हा मास्क खाली येतो.

आणि ती यादी. गटावर टाकू नका. यजमान गप्प राहा म्हणतात त्यात भीती असेल, पण कायद्याचं कारणही आहे. गेल्या जुलैपासून लागू असलेल्या ऑनलाइन मजकुराच्या नियमांत जीवघेण्या साथीची माहिती सरकारी परवानगीवाचून प्रसारित करायला मनाई आहे. परदेशी माणसाला त्यात दंडाबरोबर परवानाही गमवावा लागू शकतो, आणि एका संदेशापायी गटातल्या इतर बायकाही अडचणीत येतील. शिवाय ज्या घरांत माणूस गेला त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं दुःख यादीत का घालायचं? पण गप्प राहणं आणि काहीच न करणं यात अंतर आहे. ऑक्सिमीटर कसा वापरावा, दिवस कसे मोजावेत, स्टिरॉइड कधी घेऊ नये, हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. दहा घरांनी वर्गणी काढून दोन कॉन्सन्ट्रेटर आणि तीन सिलिंडर घेतले, एका घरी वही ठेवली, कोणी कधी नेलं आणि कधी परत केलं हे लिहिलं, तर यादीने जेवढी माणसं सावध होतील त्याहून जास्त वाचतील. होळी या महिनाअखेरीला आहे, पाडवा १३ एप्रिलला. मंडळाचं एकत्र जेवण या वर्षी नको, हे तुम्ही उघडपणे म्हणू शकता. अंत्यविधीलाही घरटी एकानेच जावं, बाहेर उभं राहावं, घरात सांत्वनाला बसायचं ते महिन्याने.

शेवटची गोष्ट. तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यात सासूबाईंचं औषध, वय, रक्तदाब सगळं आहे, पण त्यांना काय हवं हे कुठेच नाही. त्यांना विचारलंत का? कदाचित त्यांना अमरावतीच्या घरी जायचं असेल आणि त्यासाठी चौदा दिवस खोलीत बसायची तयारी असेल. कदाचित मुलगा आणि नात जिथे आहेत तिथेच राहायचं असेल. आजार बळावला तर रुग्णालयात न्यावं का, व्हेंटिलेटर लावावा का, हेही त्यांच्याशी त्या धडधाकट असतानाच बोलायला हवं. यजमान आणि तुम्ही दोघांनी मिळून, मुलगी शिकवणीला गेली असताना, चहाच्या वेळी हा विषय काढा. एका बैठकीत संपणार नाही. त्या जे म्हणतील ते तारखेसह त्या वहीत लिहा, आणि तिकिटाचं त्यानंतर बघा.